सोनोग्राफीसाठी रक्ताला सोसणारे सूक्ष्म बुडबुडे: कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत बनवावेत कसे, तपासावेत कसे

सोनोग्राफीच्या पडद्यावर रक्त काळं दिसतं. तांबड्या पेशीचा व्यास ६ ते ८ मायक्रोमीटर. तिची घनता आणि दबण्याचा गुण भोवतालच्या प्लाझ्माच्या इतका जवळ असतो की तिच्यावरून परत येणारा ध्वनी अगदी क्षीण राहतो. तिच्याहूनही लहान वायूचा बुडबुडा मात्र ध्वनीच्या दाबाने आकसतो, फुगतो, स्वतः कंप पावतो आणि पडद्यावर ठळक पांढरा उमटतो. १९६८ मध्ये ग्रामियाक आणि शाह यांनी महाधमनीच्या मुळाशी इंजेक्शननंतर दिसलेले असे प्रतिध्वनी नोंदवले आणि या विषयाची वाट मोकळी झाली. आज अशाच बुडबुड्यांची ऑप्टिसन, डेफिनिटी, सोनोव्ह्यू, सोनाझॉइड ही औषधं जगभर वापरात आहेत. यकृतातली गाठ कसली आहे, हृदयाचा डावा कप्पा नीट आकसतोय का, हे त्यांच्या मदतीने कळतं. यातला वायू फुप्फुसांतून, श्वासावाटे बाहेर जातो. मूत्रपिंडावर भार पडत नाही. क्रिॲटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेल्या, रुग्णाला सीटी स्कॅनचं आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं औषध) द्यायला डॉक्टर कचरतात, त्या रुग्णासाठी याचं मोल फार आहे.

हा लेख एम.एस्सी., एम.फार्म. आणि पीएचडी करणाऱ्यांसाठी आहे. शिवाजी विद्यापीठात आणि शहरातल्या फार्मसी, मेडिकल कॉलेजांत हे काम सुरू करण्याइतकी साधनं मिळून जमतात. रसायन, भौतिकशास्त्र आणि रक्ताची चाचणी करणारे हात मात्र एकत्र यावे लागतात. माझा एक आग्रह पुढे वारंवार येईल: प्रत्येक चाचणीच्या आधी आणि नंतर बुडबुडे मोजा. बुडबुडा तरंगतो आणि विरघळतो. ‘सुरक्षित आहे’ म्हणून लिहिले गेलेले कितीतरी निष्कर्ष असे असतात, की चाचणी चालू असताना बुडबुडा पेशीच्या जवळपासही नव्हता.

वायू, कवच आणि आकार आधी ठरवा

साध्या हवेचा २-३ मायक्रोमीटरचा उघडा बुडबुडा रक्तात सेकंदाच्या छोट्याशा अंशात विरघळतो. इको करणारे डॉक्टर दोन सिरिंज आणि थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून सलाइन-हवा घुसळतात, हृदयाच्या पडद्यातलं छिद्र शोधण्यासाठी. ते बुडबुडे फुप्फुस ओलांडून डाव्या बाजूला पोचत नाहीत, म्हणून तर ती तपासणी चालते. आपल्याला फुप्फुस ओलांडायचं आहे. त्यासाठी पाण्यात अगदी कमी विरघळणारा, जड रेणूंचा वायू हवा: सल्फर हेक्झाफ्लोराइड, परफ्लुरोप्रोपेन किंवा परफ्लुरोब्युटेन. सोनोव्ह्यूत पहिला आहे, ऑप्टिसन आणि डेफिनिटीत दुसरा, सोनाझॉइडमध्ये तिसरा. सल्फर हेक्झाफ्लोराइड वीज उपकेंद्रांच्या ब्रेकरमध्येही वापरतात, त्यामुळे तो मिळवणं तुलनेने सोपं. पण ब्रेकरमधून काढलेला जुना वायू कधीही घेऊ नका. ठिणगीमुळे त्यात विषारी घटक तयार झालेले असतात. नवा, शुद्धतेचं प्रमाणपत्र असलेला सिलिंडरच घ्या आणि जपून वापरा. हवामान तापवण्याच्या बाबतीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त प्रखर आहे.

कवचासाठी तीन वाटा आहेत: प्रथिन, लिपिड, पॉलिमर. सुरुवात लिपिडने करा. लिपिडचं कवच एका रेणूइतकं जाड असतं, ध्वनीबरोबर सहज हलतं आणि शरीराला ओळखीचं असतं. त्यातही डीपीपीसी की डीएसपीसी, या दोन फॉस्फोलिपिडांपैकी कोणतं, हा प्रश्न येतो. डीपीपीसी ४१ अंश सेल्सिअसला वितळतं, डीएसपीसी ५५ ला. शरीर ३७ अंशांवर असतं, ताप आला तर ३९-४०. म्हणून पहिल्या कामाला मी डीएसपीसी सुचवेन; त्याचं कवच शरीराच्या तापमानाला घट्ट राहतं. त्याच्या जोडीला पीईजीची (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची) शेपटी असलेलं लिपिड, म्हणजे डीएसपीई-पीईजी २०००, घ्यायचं. ते बुडबुड्यांना एकमेकांना चिकटू देत नाही.

इथे एक मोह टाळायला सांगतो, कारण आपल्या भागात तो हमखास होतो. रिठा आणि शिकेकाई यांचा फेस टिकाऊ असतो, ‘नैसर्गिक’ही असतो, म्हणून विद्यार्थी त्याचं कवच करायला बघतात. त्यातली सॅपोनिनं तांबड्या पेशीच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला धरतात आणि पेशी फोडतात. दुसरा मोह दुधाच्या प्रथिनांचा. गोकुळच्या जिल्ह्यात दूध मुबलक आहे, आणि व्हे प्रथिनाचे बुडबुडे खरोखर छान होतात. पण गाईम्हशीचं प्रथिन थेट शिरेत गेलं की ॲलर्जीचा धोका उभा राहतो. पोटाला चालतं ते रक्ताला चालेलच असं नाही. ऑप्टिसनमध्ये प्रथिन आहे, पण ते मानवी अल्ब्युमिन आहे.

आकार १ ते ४ मायक्रोमीटरच्या दरम्यान हवा. ३ मायक्रोमीटर व्यासाचा उघडा बुडबुडा साधारण २ मेगाहर्ट्झला सर्वात जोरात कंप पावतो, कवचामुळे ही वारंवारता थोडी वर सरकते. आणि पोटाचा प्रोब नेमका २ ते ५ मेगाहर्ट्झवर चालतो. फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतून जाईल तो आकार आणि प्रोबला ऐकू येईल तो आकार एकच निघावा, हा या विषयाला लाभलेला मोठा योग आहे.

कुपी तयार करणं

बहुतेक पेपरांत लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून रोटरी इव्हॅपोरेटरवर पापुद्रा धरायची रीत असते. ती चालते. पण क्लोरोफॉर्मचा अंश उरला नाही हे नंतर सिद्ध करावं लागतं. मला थेट प्रोपिलीन ग्लायकॉलची रीत जास्त पटते. १० मि.लि.साठी डीएसपीसी ७.२ मि.ग्रॅ. आणि डीएसपीई-पीईजी २००० हे २.८ मि.ग्रॅ. घ्या, रेणूंच्या हिशेबात हे ९:१ प्रमाण होतं. १ मि.लि. प्रोपिलीन ग्लायकॉल ६५ ते ७० अंशांवर गरम करून त्यात ही पूड टाका आणि स्वच्छ द्रावण होईपर्यंत ढवळा. वेगळ्या भांड्यात ८ मि.लि. नॉर्मल सलाइन आणि १ मि.लि. ग्लिसरॉल तेवढंच गरम करा. मग सलाइन ढवळत ठेवून त्यात लिपिड हळूहळू सोडा. तापमान ६० च्या खाली गेलं तर डीएसपीसी गोळा होऊन खाली बसतं आणि पुढचं सगळं बिघडतं. मिश्रण गरम बाथ सोनिकेटरमध्ये १०-१५ मिनिटं ठेवलं की दुधाळपणा जाऊन निळसर झाक येते. तसं गरम असतानाच ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा.

पाण्याबद्दल थोडं थांबून सांगतो. आरओचं पाणी ०.२ च्या फिल्टरमधून गाळलं की जंतू अडतात, पण जंतूंच्या आवरणातून सुटलेलं एंडोटॉक्सिन फिल्टर सहज ओलांडतं, आणि रक्तात ताप-थंडी आणतं तेच. मेडिकल दुकानात मिळणारं इंजेक्शनचं पाणी आणि सलाइनची बाटली हा सर्वात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवा. काचेच्या वस्तू २५० अंशांवर ३० मिनिटं कोरड्या भाजून घ्या. ऑटोक्लेव्हने एंडोटॉक्सिन पुरेसं मरत नाही.

२ मि.लि.च्या कुपीत १.५ मि.लि. द्रावण भरा, रबरी बूच लावून ॲल्युमिनियमची टोपी क्रिंप करा. बुचातून दोन सुया घाला, एकीतून वायू आत सोडा, दुसरीतून हवा बाहेर जाऊ द्या. सुईचं टोक द्रावणात बुडू देऊ नका, नाहीतर आधीच फेस होतो. पहिल्यांदा वायूची सुई काढायची, मग दुसरी. या टप्प्यावर कुपीत बुडबुडे नाहीत, फक्त लिपिड आणि वर वायू आहे. अशी कुपी फ्रीजमध्ये ठेवता येते.

बुडबुडे उठवण्यासाठी दंतवैद्यांचा अमाल्गमेटर लागतो, चांदी भरण्याचं मिश्रण हलवणारं ते छोटं यंत्र. डेफिनिटीसाठी वापरतात तेही मुळात याच जातीचं. ४५ सेकंद आणि मिनिटाला सुमारे ४५०० फेरे. दातांच्या साहित्याच्या दुकानात हे मिळतं. कुपी फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग यंत्रात घट्ट बसवून हलवा. द्रावण दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. नुसता वर फेस आणि खाली पारदर्शक पाणी दिसलं, तर लिपिड नीट विरघळलेलं नव्हतं किंवा कुपीत हवाच राहिली होती. हलवल्यावर कुपी कोमट लागते. ती थंड होईपर्यंत थांबा.

मोठे बुडबुडे काढून टाका, मग मोजा

१० मायक्रोमीटरचा एक बुडबुडा म्हणजे १ मायक्रोमीटरच्या हजार बुडबुड्यांइतका वायू. म्हणून ‘९८ टक्के बुडबुडे लहान आहेत’ हे वाक्य फसवं ठरू शकतं. उरलेल्या दोन टक्क्यांत बहुतेक वायू असू शकतो आणि फुप्फुसात अडकतील ते हेच. ते वेगळे करायला महागडं यंत्र लागत नाही. पाण्यात १० मायक्रोमीटरचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ५४ मायक्रोमीटर वेगाने वर चढतो, ३ मायक्रोमीटरचा जेमतेम ५. बुडबुडे सलाइनमध्ये सौम्य करून ३ सें.मी. उंचीच्या सिरिंजमध्ये भरा, टोक खाली ठेवून ती १० मिनिटं उभी ठेवा. तेवढ्यात १० मायक्रोमीटरचे आणि त्याहून मोठे सगळे वरच्या दट्ट्यापाशी गोळा होतात, लहान अजून वाटेत असतात. खालचा भाग हळूच काढून घ्या. मूळ द्रावणात ग्लिसरॉल असल्यामुळे आणि गर्दीमुळे बुडबुडे सावकाश चढतात, म्हणून आधी सौम्य करणं गरजेचं आहे.

काढताना सुई १८ किंवा २० गेजची घ्या. बारीक सुईतून जोरात ओढलं तर दाब घसरतो आणि बुडबुडे फुटतात. बंद कुपीतून काढताना बुचात हवेसाठी दुसरी सुई लावा.

मोजायला साधा मायक्रोस्कोप आणि न्यूबावर चेंबर, म्हणजे पेशी मोजायची रेघांची काचपट्टी, पुरते. १० मायक्रोलिटर नमुना ९९० मध्ये, त्यातले १०० पुन्हा ९०० मध्ये, असं हजारपट सौम्य करा. मूळ नमुन्यात मि.लि.ला १०० कोटी बुडबुडे असतील तर १ मि.मी.च्या मोठ्या चौकोनात साधारण १०० दिसतील. फोकस नेहमीप्रमाणे तळाच्या रेघांवर न ठेवता कव्हरस्लिपच्या खालच्या बाजूला न्या. बुडबुडे तिथे जाऊन चिकटतात. नवशिक्याला बऱ्याचदा चेंबर रिकामा वाटतो तो यामुळेच. सौम्य करायला उकळून थंड केलेलं सलाइन वापरू नका, त्यातली हवा निघून गेलेली असते आणि ते बुडबुड्यातला वायू शोषून घेतं. आकाराचा आलेख काढायला कोल्टर काउंटर उत्तम. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणाऱ्या यंत्रावर) विसंबू नका. ते यंत्र नॅनोकणांसाठी चांगलं, पण तरंगून वर जाणाऱ्या या मोठ्या बुडबुड्यांबद्दल ते दिशाभूल करतं.

दिसतंय ते बुडबुडाच आहे की लिपिडचा गोळा? सिरिंजमध्ये थोडा नमुना घ्या, टोक बंद करून दट्ट्या काही सेकंद जोराने दाबा आणि पुन्हा मोजा. बुडबुडे नाहीसे होतात, गोळे उरतात. असा दाबून फोडलेला नमुना फेकू नका. त्यात सगळी रसायनं तीच आहेत, बुडबुडे तेवढे नाहीत. पुढे रक्ताच्या प्रत्येक चाचणीत तुलनेला हा नमुना लागणार आहे.

ध्वनीला उत्तर देतो का ते बघा

यासाठी सोनोग्राफी मशीन लगेच लागत नाही. समोरासमोर ठेवलेले, सव्वादोन किंवा साडेतीन मेगाहर्ट्झचे दोन ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारी आणि टिपणारी साधनं), पल्सर-रिसीव्हर, ऑसिलोस्कोप आणि पाण्याची काचटाकी पुरते. मधल्या नमुनाकक्षात आधी सलाइन, मग बुडबुडे. २ सें.मी. अंतरात लहरीची उंची निम्मी झाली तर क्षीणन ६ डेसिबल, म्हणजे सेंटिमीटरला ३. ध्वनीचा दाब कमी ठेवा, ५० किलोपास्कलच्या आत. नाहीतर मोजणीच बुडबुडे फोडते. टाकीतलं पाणी मात्र उकळून हवा काढलेलं हवं, कारण साधं पाणी ३७ अंशांपर्यंत तापवलं की ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर हवेचे बुडबुडे जमतात. टाकीत हवा नको, नमुन्यात हवी. ही उलटापालट कायम ध्यानात ठेवा. दर मिनिटाला नोंद घेत १५ मिनिटं मोजलं की बुडबुडे किती टिकतात ते दिसतं. मग वारंवारता दुप्पट असलेला प्रतिध्वनी, म्हणजे दुसरा हार्मोनिक, शोधा. मशीनचा कॉन्ट्रास्ट मोड बुडबुड्याच्या या असमान कंपनावरच उभा आहे.

ध्वनी बुडबुड्याला किती जोराने हादरवेल याचा अंदाज देणारा मेकॅनिकल इंडेक्स म्हणजे मेगापास्कलमधला ऋण दाब भागिले मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेचं वर्गमूळ. ४ मेगाहर्ट्झला ०.२ मेगापास्कल असेल तर ०.१. निदानाच्या मशीनची वरची मर्यादा १.९ आहे, बुडबुड्यांचं चित्रण मात्र ०.२ च्या आसपास किंवा खाली करतात.

रक्ताची परीक्षा

पहिली चाचणी तांबड्या पेशी फुटतात का याची. धुतलेल्या पेशींमध्ये नमुना मिसळून ३७ अंशांवर ठेवायचा, सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवातलं हिमोग्लोबिन ५४० नॅनोमीटरला मोजायचं. सलाइनचं वाचन ०.०४, सगळ्या पेशी फोडणाऱ्या ट्रायटनचं १.२४ आणि नमुन्याचं ०.०५८ आलं, तर फुटलेल्या पेशी १.५ टक्के. एएसटीएम या मानकसंस्थेच्या मापाने २ टक्क्यांच्या आत म्हणजे रक्तभंग न करणारा, २ ते ५ किंचित करणारा, ५ च्या वर करणारा. खरी गोम वेगळी आहे. नळी उभी ठेवली की पेशी तळाला बसतात आणि बुडबुडे वर जातात. दोघांची भेटच होत नाही. नळी पूर्ण भरून, आडवी, सावकाश फिरती ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी बुडबुडे मोजा आणि ते आकडे निकालाशेजारी लिहा. सोबत तो दाबून फोडलेला नमुना लावा. मोजण्याआधी वर तरंगणारे बुडबुडे काढा, कारण ते प्रकाश विखुरतात आणि वाचन खोटं वाढतं.

रक्त कुठून आणायचं? कोल्हापुरात बकऱ्याचं रक्त मिळायला अडचण नाही, आणि हात बसवायला ते चालेल. अंतिम आकड्यासाठी नाही. बकऱ्याच्या तांबड्या पेशी साधारण ३ ते ४ मायक्रोमीटरच्या, पाळीव जनावरांत सर्वात लहान, आणि क्षारतेतल्या फरकाने लवकर फुटणाऱ्या असतात. माणसाच्या रक्ताबद्दल त्या काही सांगू शकत नाहीत. मानवी रक्तासाठी संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि दात्याची लेखी संमती घ्या. प्रयोगशाळेतल्याच विद्यार्थ्याची बोटं टोचून काम भागवू नका.

पेशींवरच्या चाचणीतही तरंगण्याचाच प्रश्न आहे. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या, बुडबुडे वर. फ्लास्क काठोकाठ भरून उलटा ठेवला की बुडबुडे पेशींना टेकतात. आयएसओ १०९९३-५ नुसार ७० टक्क्यांहून कमी पेशी जिवंत राहिल्या तर पदार्थ विषारी धरतात. उलट्या फ्लास्कमधला आकडाच विश्वासाचा. दोन्ही चाचण्या ध्वनी चालू ठेवूनही करा, इंडेक्स हळूहळू वाढवत. शांत असताना निरुपद्रवी असलेला बुडबुडा जोराच्या ध्वनीखाली शेजारच्या पेशीला भोक पाडू शकतो.

एंडोटॉक्सिनची शिरेतून द्यायच्या औषधांची मर्यादा किलो वजनामागे तासाला ५ एकक आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३००. लिपिड एलएएल या एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या चाचणीत अडथळा आणतात, तेव्हा ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून ५० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान परत मिळतंय का ते पाहिल्याशिवाय ‘नाही’ असं लिहू नका.

सर्वात कमी केली जाते ती कॉम्प्लिमेंटची (परक्या गोष्टीवर तुटून पडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची) चाचणी, आणि मला तीच सर्वात महत्त्वाची वाटते. या औषधांच्या गंभीर प्रतिक्रिया विरळ असतात, पण होतात तेव्हा बहुतेक इंजेक्शननंतर पहिल्या अर्ध्या तासातच. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने परफ्लुरोप्रोपेनच्या उत्पादनांवर आपला सर्वात कडक इशारा छापायला लावला, २००८ मध्ये काही मनाई सैल केली. काही जणांना पीईजीचीच ॲलर्जी असते. मानवी सीरममध्ये बुडबुडे मिसळून कॉम्प्लिमेंट जागं झाल्यावर तयार होणारे सी३ए आणि एससी५बी-९ हे घटक एलायझा चाचणीने मोजा. तुलनेला झायमोसान (कॉम्प्लिमेंटला हमखास जागं करणारं), सलाइन आणि फोडलेला नमुना घ्या. वेगवेगळ्या दात्यांचं सीरम घ्या, एकत्र मिसळलेलं नको, कारण धोका आहे तो एखाद्याच माणसाला.

मशीन, कायदा आणि पुढची वाट

फॅंटमवर, म्हणजे शरीराऐवजी वापरायच्या प्रतिकृतीवर, चित्र घ्यायची वेळ आली की सोनोग्राफी मशीन लागतं. जुनं मशीन विकत घेऊन प्रयोगशाळेत ठेवू, असा विचारही करू नका. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या ठिकाणी असं मशीन विकणं किंवा ठेवणं गुन्हा आहे. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशीनवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (केलेल्या तपासण्यांची नोंद ठेवणारं उपकरण) बसवण्याचा आदेश याच जिल्ह्यात निघाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो योग्य ठरवला. मुलींचे जीव वाचवण्यासाठी उभी राहिलेली ही शिस्त आहे, तिचा मान राखूनच काम करायचं. नोंदणी असलेल्या रुग्णालयाच्या रेडिओलॉजी विभागाशी रीतसर करार करा, आगरचं फॅंटम त्यांच्याकडे न्या, मशीन जागचं हलवू नका. शंका असेल तर जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याला आधी लेखी विचारा. मशीनमध्ये कॉन्ट्रास्ट मोडचं सॉफ्टवेअर सुरू आहे का, हेही आधीच विचारून ठेवा.

मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा तर न हलवलेली कुपी आइसबॉक्समधून महालक्ष्मी एक्स्प्रेसने खुशाल न्या, आणि अमाल्गमेटर तिथे पोचल्यावर चालवा. उठवलेले बुडबुडे प्रवासाला नेऊ नका. विमानात तर मुळीच नको, दाब बदलला की आकार बदलतो. कोल्हापूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब मुंबईपेक्षा सहाएक टक्क्यांनी कमी. दोन ठिकाणचे आकार ताडून बघताना दाब आणि तापमान वहीत लिहिलेलं असू द्या.

प्राण्यांवरच्या प्रयोगाला सीसीएसईए या देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडे नोंदणी असलेलं प्राणीगृह आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हवी. समितीपुढे जाताना वरचे सगळे आकडे मोजणीसकट हातात ठेवा. माणसापर्यंतचा टप्पा २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांखाली येतो. त्यासाठी केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि जीएमपी (उत्तम औषधनिर्मितीचे नियम) दर्जाची निर्मिती लागते, ते काम कॉलेजच्या प्रयोगशाळेचं नाही. तुमच्या कुप्या रुग्णालयाच्या आवारात न्याल तेव्हा प्रत्येक कुपीवर बॅच क्रमांक, तारीख आणि ‘माणसासाठी नाही’ हे मोठ्या लाल अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत, चिकटवा, आणि पेटीला कुलूप लावा. रबरी बुचाची छोटी कुपी ट्रेमध्ये ठेवली की ती इतर इंजेक्शनांसारखीच दिसते, आणि रात्रपाळीच्या सिस्टरना ती वेगळी ओळखू आली पाहिजे.